बाटलीवरचं ॲव्हरेज

गाडीचं ॲव्हरेज घसरलंय हे मला निलंगा रोडवर कळलं, गाडी बंद पडली तेव्हा. सोमवार होता. दर सोमवारी मी औशाहून अक्काच्या गावाला जातो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं गाव निलंग्याच्या अलीकडं, रोडपासून आत. टाकीत किती पेट्रोल असलं की जाऊन-येऊन पुरतं हे मला पाठ आहे. पेट्रोलचा काटा मेलाय त्याला जमाना झाला, पण मला कधी काट्याची गरज पडली नाही. त्या दिवशी जाताना काही झालं नाही. येताना गाडीनं दोन आचके दिले. रिझर्व्हला टाकली, थोडी चालली, आणि एका बाभळीपाशी उभी राहिली ती राहिलीच.

झाकण उघडून आत बघितलं. कोरडी. आडवी करून बघितली, तरी थेंब नाही. मग ढकलत निघालो. सोयाबीन पिवळं पडलं होतं, रानात माणूस नव्हतं. एक टेम्पोवाला थांबला, काहीतरी बोलला. मी हातानंच जा म्हणलं. माझी गाडी मी टेम्पोत चढवून न्यावी, एवढं अजून झालं नव्हतं.

औशातल्या कुणीतरी मला ढकलताना बघितलं आणि नांदेडला माझ्या पोराला फोन केला. पोरानं मला फोनावर फोन केले. फोन माझ्या खिशात होता, आणि मला काही समजलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी फोन पाहिला. मग त्याचा परत आला. फोनवर तो ओरडूनच बोलतो. तेव्हा मला वाटायचं, कायम रागातच असतो.

"अप्पा, फोन कामून उचलत न्हाईत तुम्ही?"

"गाडी ढकलत होतो. ढकलताना फोन कोण उचलतंय?"

"ती गाडी देऊन टाका आता कुणाला तरी. नुसतं पेट्रोल पिऊन राहिली. अन् तुम्ही नांदेडला या. इकडं सगळं हाय."

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही हाव की."

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मी राहून आलोय तिथं. सकाळी सगळे आपापल्या कामाला जातात आणि मी गॅलरीत उभा राहून खाली लोकांच्या गाड्या बघतो. कुणाची चेन सैल आहे, कुणाच्या टायरात हवा कमी आहे, वरून दिसतं. पण खाली जाऊन कुणाला सांगावं, तर तो म्हणणार, आजोबा तुम्ही कोण.

म्हणून मी म्हणलं, "गाडीला काहीही झालेलं न्हाई. दसऱ्यापर्यंत पहिल्यासारखी करून दाखवतो. न्हाई झाली तर ये, अन् घेऊन जा. तिलाबी अन् मलाबी."

"शब्द का?"

"माझा शब्द कधी फिरलाय?"

"न्हाई फिरला. म्हणून तर इचारलो."

असं मी बोलून बसलो. गाडी गेली म्हणजे माझा सोमवार गेला. अक्काच्या गावाला एसटी जात नाही, फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव माझ्या गुडघ्यांना आता लांब आहे. आणि अक्का काही कुठं येण्यासारखी राहिलेली नाही. मला बारक्या म्हणणारं या जगात आता ते एकच माणूस आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं लातूरच्या डाळ मिलमध्ये शिकलो. औशाहून याच गाडीवर जायचो-यायचो. मशीन कुठं दुखतंय हे मशीनच सांगतं, फक्त ऐकायला पाहिजे. लांब दांड्याचा पेचकस घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतलं सगळं डोक्यात ऐकू येतं. गोळी फुटली असली तर खडखड, ग्रीस संपलं असलं तर कोरडी किरकिर. मिलमध्ये मला कानवाला म्हणायचे. पट्टा सुरू असताना नुसता जवळून गेलो तरी सांगायचो, हे उद्या बसणार. आणि बसायचं. फुशारकी म्हणा, पण झालेलं आहे ते असं आहे.

तो पेचकस अजून माझ्याकडं आहे. मूठ झिजून गुळगुळीत झालीय.

दुसऱ्या दिवशी अंगणात पोतं अंथरलं आणि बसलो. गाडी जुनी, कार्बोरेटरची. तिच्यात कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही, सगळं हातानं उघडतं. आधी बाटलीवर ॲव्हरेज काढलं. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून आधी टाकीत भरून आणायचं आणि मग कॉकची नळी काढून ते काढायचं. टाकी पार रिकामी करायची, मग त्यातलं बरोबर एक लिटर मोजून परत टाकीत ओतायचं आणि निघायचं. बाकीचं दुसऱ्या बाटलीत भरून डिक्कीत. गाडी बंद पडेपर्यंत चालवायची आणि मीटर बघायचं. पंपवाला, कंपनीवाला, कुणी काहीही सांगो, बाटली खोटं बोलत नाही. ही गाडी साठच्या वर द्यायची. त्या दिवशी चाळिशीतच बसली.

मला वाटलं, उभी राहून खराब झाली असेल. बायको गेली त्याच्यानंतर वर्षभर गाडी मी पत्र्याखाली झाकूनच ठेवली होती. बाहेर काढून नेण्यासारखं कुठं नव्हतंच. सोमवारी आम्ही दोघं जायचो अक्काकडं. एकट्यानं जायचं म्हणजे कसं, हे कळायला मला वर्ष लागलं.

एअर फिल्टर काढला. धुळीनं गोणपाट झाला होता. पेट्रोलमध्ये धुतला, सावलीत वाळवला, ऑइलचा हात फिरवला, पिळून बसवला. प्लग काढला तर टोक काजळीनं काळं. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पॉलिश पेपरनं घासला. कार्बोरेटरची वाटी उघडली, तळाला गाळ होता. पेट्रोल जिथून बारीक धारेनं जातं त्या जेटच्या भोकात काही लोक तार घालतात. तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पिदाडी होते. मी तोंडानं फुंकून साफ केलं. पेट्रोलची चव दिवसभर जिभेवर राहिली.

पुसायला फडकं पाहिजे होतं. घरात जाऊन बायकोच्या जुन्या लुगड्यांचं बोचकं काढलं. पूर्वी तीच त्यातून फाडून द्यायची. वरचं एक हातात घेतलं, हिरवं, काठ विरलेला. परत ठेवलं आणि बोचक्याला गाठ मारली. माझं एक बनियन होतं, ते फाडलं.

मग गाडी चालू केली आणि पेचकस लावला. इंजिनवर टोक, कानामागं मूठ. हवेचा स्क्रू हळूहळू फिरवत गेलो. आत ठोके एकसारखे पडायला लागले, मध्ये खोकला नाही, दम नाही. एवढं स्वच्छ ऐकू आलं की मला मिलमधले दिवस आठवले. मी स्वतःशीच म्हणलं, कान अजून आहेत.

इथंच माझी गफलत झाली. पेचकसातून ऐकलेलं ते हाडातून ऐकलेलं होतं. पेचकस बाजूला ठेवला की गाडीचा आवाज लांब गेल्यासारखा व्हायचा, पण मी ते मनावर घेतलं नाही. गाडी स्टँडवर आहे, रिकामी आहे, हळूच वाजणार, असं धरून चाललो. त्या दोन-तीन वर्षांत लोकही हळू बोलायला लागलेत असं मला वाटायचं. दुकानदार पुटपुटतात, टीव्ही पुटपुटतो. जगालाच बोलायचा कंटाळा आलाय, तर आपण काय करणार, असं म्हणून मी गप राहायचो. गप राहिलं की लोकही येईनासे होतात. ते मला बरंच वाटायचं.

परत बाटली लावली. पंचेचाळीस. वाढलं, पण जरासं.

मग चौकातल्या मिस्त्रीकडं गेलो. सल्ला घ्यायला नाही, टायरात हवा भरायला. त्यानं विचारलं म्हणून सांगितलं. तो गाडी घेऊन चक्कर मारून आला आणि माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाला, "पिकअप तो मस्त है काका. गाडी में कुछ नहीं."

"मग ॲव्हरेज कुठं जायलंय?"

"पेट्रोल में क्या क्या मिलाते आजकल. नहीं तो इंजिन खोल के देखना पडता."

"माझ्या गाडीचं इंजिन माझ्याशिवाय कुणी खोललेलं न्हाई."

"तो आप खोलो," तो हसला. "हम चाय पिएंगे, देखेंगे."

चहा पाजला त्यानं. चांगला माणूस आहे. पण मी मनात धरलं की याला काही कळत नाही. खरं तर त्यानं मला तेव्हाच सगळं सांगितलं होतं. त्याच्या हातात पिकअप मस्त होता. गाडीत काही नव्हतं.

घरी येऊन मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. फिरता फिरता अडायचं. ब्रेकचा लायनर ड्रमला घासत होता. चाक काढलं, ड्रममधली काळी धूळ झाडली, ब्रेकचा नट सैल केला. आता एक टिचकी मारली की चाक आपलं फिरतच राहायचं. चेन फार ओढलेली होती, ती दोन बोटं हलेल एवढी ढिली केली, ऑइल पाजलं. क्लचची तार बघितली. या सगळ्यात बरेच दिवस गेले, कारण एक नट काढायचा तर आधी मला खाली बसायचं, आणि मग उठायचं. दुपारी भाकरी खाताना मी गाडीकडं तोंड करून बसायचो. घरात बघण्यासारखं दुसरं काही हलत नव्हतं.

परत बाटली. पन्नासच्या पुढं काही सरकेना.

आता मात्र मी हबकलो. स्टँडवर गाडी निरोगी, रस्त्यावर आजारी. प्लग काढून बघितला तर टोक चहासारखं तांबूस, जसं पाहिजे तसं. हवा बरोबर, पेट्रोल बरोबर, चाक मोकळं. करण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नव्हतं आणि घट बसले होते.

नवरात्रातल्या सोमवारी अक्काकडं गेलो. तिच्या गावाबाहेर माळावर देवी आहे. अक्का दर नवरात्रात तिथं चालत जाऊन दिवा लावते. यंदा तिचा पाय सुजला होता. मी गाडी लावायच्या आतच ती हातात तेलाची वाटी घेऊन दारात उभी.

"उतरू नको. मला माळावर सोड."

"तू बसशील गाडीवर?"

"न बसायला काय झालंय? तुझी बायको बसायची, मी काय जड हाय का तिच्यापेक्षा?"

ती एका बाजूला बसली, एक हात माझ्या खांद्यावर. तिच्या वजनानं गाडी मागं जराशी दबली. बायको गेल्यापासून मागच्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं, ते मला तेव्हा लक्षात आलं. गाव सोडलं, सडक चांगली आहे तिथं मी वेग धरला. थोडं गेलो असेन, तोवर पाठीत बुक्की बसली. मग दुसरी. मी थांबलो.

"काय झालं?"

"मला काय व्हायलंय? गाडी कामून अशी बोंबलायलीय?"

"बोंबलायली? काल तर सगळी साफ केलीय."

"मग जात्यात खडे घातल्यावानी कशाची ओरडायलीय? तुला ऐकू येत न्हाई?"

"कायतरीच. इंजिनचा आवाज असतोच."

अक्का खाली उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पदर सारखा केला. माझ्याकडं बघून तिचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. तिचे ओठ परत हलले.

"मोठ्यानं बोल की," मी म्हणलं.

मग ती मोठ्यानं बोलली. "म्हणजे ती खरं सांगायची. तुला ऐकू येत न्हाई, बारक्या."

"कोण सांगायची?"

"बायको तुझी. मला सांगितलं होतं तिनं, चुलीपाशी बसून. म्हणाली, यांना गाडीचा आवाज ऐकू येईना झालाय, तिसऱ्या गिअरवरच पळवत राहतात. मी पाठीत बोटं लावते, मग टाकतात चौथा. अन् म्हणाली, तुम्ही काही बोलू नका अक्का, त्यांना लागंल. मी असते की मागं."

मी गाडीवरच बसून होतो. हातानं हँडल धरलेलं होतं.

दोन बोटं. ती बसली की थोड्या वेळानं माझ्या पाठीत दोन बोटं लावायची, हलकीच. मला वाटायचं, पदर सावरते, किंवा बसायचं नीट करते. आणि त्याच वेळी मी चौथा टाकायचो. माझ्या कानानं ऐकून टाकतोय असंच मला वाटायचं. अनेक वर्षं असंच वाटलं.

"अन् मागनं ट्रक आला तर?" अक्का म्हणाली. "हॉर्न ऐकू येतो का?"

मी हँडलकडं बघितलं, तिथं आरसाही नव्हता.

"मग येऊ नको तू गाडीवर."

"मग कशावर येऊ?"

"येऊच नको. जित्ता ऱ्हा."

ती तेलाची वाटी सांभाळत, पाय ओढत माळाकडं चालायला लागली. मी म्हणलं, बस, सोडतो. ती वळली नाही. मी गाडी तशीच फिरवली आणि न जेवता औशाला आलो. अक्काच्या घरून उपाशी परत आलो असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी बाटली लावली. मला पडताळून बघायचंच होतं. लातूरच्या दिशेनं निघालो. आवाजावर भरवसा ठेवला नाही. पाय फूटरेस्टवर घट्ट ठेवले. गाडी ओढायला लागली की तळव्याला मुंग्या येतात, गिअर टाकला की त्या जातात. मुंग्या आल्या, चौथा टाकला, मुंग्या गेल्या. मग नुसतं सरळ, एका वेगात. लातूर आलं, मागं पडलं, तसाच पुढं गेलो, गाडी चालूच. परत फिरलो. येताना नेहमी जिथं गाडी मरायची ते ठिकाणही मागं गेलं, औशाच्या किल्ल्याचा बुरूज दिसायला लागला आणि मग ती बंद पडली. मीटर बघितलं. साठ ओलांडले होते.

मी जिंकलो होतो. पोराला दाखवायला आकडा होता, साफ केलेला प्लग होता, मोकळं चाक होतं. कार्बोरेटर साफ केला म्हणून सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. मी डिक्कीतून दुसरी बाटली काढायला वाकलो, आणि मागून एक ट्रॅक्टर अंगाला वारा लावून गेला. दोन ट्रॉल्या. डोक्याचा रुमाल उडून रस्त्यावर पडला. एवढं मोठं धूड आलं कधी, हे मला कळलंच नव्हतं. ड्रायव्हर मागं वळून हात हलवत काहीतरी म्हणत होता. शिव्याच असणार. त्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत.

रुमाल उचलला आणि तिथंच रस्त्याच्या कडेला बसलो. गाडी दुरुस्त होती. नादुरुस्त पार्ट गाडीच्या वर बसला होता.

लातूरला एसटीनं गेलो. कानाच्या मशीनचं दुकान एका जिन्याखाली आहे. तिथल्या बाईनं मला एका लहान खोलीत बसवलं, कानावर टोप्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आवाजच येईना. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. काचेतून ती बाई माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं की आवाज चालू आहेत.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मिलवर होता का काका?"

"कसं ओळखलं?"

"असा कान मिलवाल्यांचाच असतो. लई जण येतात."

ज्या मशीनला मी कान लावला त्या मशीननंच तो खाल्ला, असं होतं ते. मला राग आला नाही. थोडं नवल वाटलं.

मशीन कानात घालून बाहेर आलो तर बसस्टँड अंगावर आला. कंडक्टर, भोंगे, पिशव्यांची चुरचुर. जग पुटपुटत नव्हतं. सगळे भरपूर ओरडत होते, पूर्वीसारखेच.

त्रास झाला तो घरी. कुलूप काढलं तर कडीचा आवाज घरभर गेला आणि भिंतीला लागून परत आला. मोरीतला नळ ठिबकत होता. किती दिवसांपासून ठिबकत असेल देव जाणे. पत्र्यावर चिमण्या चालत होत्या. फ्रिज गुरगुरत होता. मी बाजेवर बसलो, आणि स्वयंपाकघराकडून काहीच आवाज आला नाही. ऐकू येत नव्हतं तोवर एक सोय होती. बायको आत असेल, काहीतरी करत असेल, आपल्यालाच ऐकू येत नसेल, असं वाटायला थोडी जागा होती. मी असं कधी ठरवून मानलं नव्हतं. पण तशी जागा होती, हे मला त्या दिवशी ती जागा गेल्यावर समजलं. मी मशीन काढून डबीत ठेवलं. नळाचा वायसर बदलला. मग परत घातलं.

दसऱ्याला पोरगा आला. मी गाडी धुऊन उभी केली होती, झेंडूचा हार घातला होता, पेचकस-पाने पुजायला पाटावर मांडले होते. तो आला आणि आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग माझ्या कानाकडं.

"हे कधी?"

"गाडीचाच पार्ट हाय. ओरडू नको, ऐकू येतं."

तो हसला नाही. माझ्याजवळ येऊन कानामागचं मशीन बघायला लागला. लहानपणी मी मिलमध्ये घेऊन जायचो तेव्हा मशिनीकडं असाच बघायचा.

"अन् ॲव्हरेज?" हळू आवाजात म्हणाला. त्याचा हळू आवाज कसा आहे ते मी विसरलो होतो. आईसारखा आहे.

"बस मागं. दाखवतो."

बाटली लावली आणि निघालो. गाडी बंद पडली तेव्हा त्यानं उतरून मीटर बघितलं आणि डिक्कीतली बाटली स्वतः काढून टाकीत ओतली. काय केलं म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं. कार्बोरेटरचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं, आणि तिसऱ्या गिअरचंही सांगितलं. दोन बोटांचं सांगितलं नाही. ते त्याला सांगायचं कसं, मला येईना.

"गाडी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "पण आरसा लावू. दोन्हीकडं." आणि औशात शिरताना त्यानं स्वतः आरसे घेतले. संध्याकाळच्या गाडीनं तो नांदेडला गेला. जाताना म्हणाला, फोन करतो. मी म्हणलं, हळू बोललास तर उचलेन.

पुढच्या सोमवारी अक्काच्या दारात गाडी लावली. ती चुलीपाशी बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी आलो हे तिला कळलं होतं, पण बोलली नाही. मी ओसरीवर टेकलो. मग पाठ तशीच ठेवून, चुलीतल्या जाळाशी बोलावं तशी ती पुटपुटली, "ह्या आगाव म्हाताऱ्याला चहात साखर घालावी का न्हाई, काय की."

"घाल," मी म्हणलं. "पण उलिशीच."

तिचा हात डब्यात तसाच राहिला. वळली नाही. साखर मात्र तिनं जास्तच घातली.

जेवून निघालो. फाटा गेला, सडक सरळ झाली. आता इंजिन ओरडायला लागलं की मला ऐकू येतं, तिसऱ्यावर कशी रडते ते अगदी स्वच्छ येतं. पण हात-पाय लगेच हलत नाहीत. पाठ थोडी ताठ होते. एक-दोन शेतं जातात, आरशात मागची रिकामी सीट आणि तिच्यामागचा रस्ता दिसतो. मग मी चौथा टाकतो.